ज्योत पेटवण्याआधी : गॅस कटरचे काम सुरक्षितपणे शिकताना

पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू, जव्हार या भागांतील पाड्यांवरून पुष्कळ तरुण कामासाठी बोईसर-तारापूर, उंबरगाव, वापी या औद्योगिक पट्ट्यांत जातात. नंदुरबारकडील मुले सुरतची वाट धरतात. शाळा आठवी-नववीत सुटलेली असते, हातात कागद नसतो. त्यामुळे पहिले काम मिळते ते हेल्परचे. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा भंगाराच्या गोदामात हा मुलगा सिलिंडर वाहतो, नळी ओढतो, कापलेले तुकडे उचलतो आणि कटर चालवणाऱ्या मिस्त्रीकडे पाहत राहतो. एखाद्या दिवशी मिस्त्री येत नाही आणि मालक म्हणतो, "तू बघितलंयस ना? मग कर." बहुतेकांचे प्रशिक्षण एवढेच.

ही गोष्ट वाचकांसमोर ठेवण्याचे कारण असे की, आदिवासी तरुणांच्या धंदेशिक्षणासाठी आपण मदत करता तेव्हा काही जण साहजिकच विचारतात, "कटर चालवायला शिकायला किती दिवस लागतात? मुले आठवडा झाला तरी नुसते सिलिंडर आणि नळ्याच का हाताळत आहेत?" प्रश्न रास्त आहे. सरळ रेषेत पत्रा कापायला हुशार मुलगा थोड्याच दिवसांत शिकतो, कारण कापणे डोळ्यांना दिसते. जे माणसाला मारते ते मात्र दिसत नाही. ते सिलिंडरमध्ये, नळीत, रिकाम्या पिंपात, कधी तर अंगावरच्या शर्टात असते. म्हणून चांगल्या वर्गात ज्योत शेवटी येते. असे का, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

लोखंड कापले जाते म्हणजे काय होते?

गॅस कटर लोखंड वितळवून कापतो असे पुष्कळांना वाटते. खरे तर तो लोखंड जाळतो. ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन यांची ज्योत सुमारे ३,१०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. या ज्योतीने आधी लोखंडाची कड चकचकीत लाल होईपर्यंत, म्हणजे साधारण ९०० अंशांपर्यंत तापवतात. मग कटरचा दांडा दाबला की नोझलच्या मधल्या भोकातून शुद्ध ऑक्सिजनचा जोरदार झोत सुटतो. तापलेले लोखंड त्या झोतात पेटते, त्याची राख वितळून खाली उडते आणि मागे चीर उरते. जळणाऱ्या लोखंडाची उष्णता पुढच्या लोखंडाला तापवते, म्हणून हात सरकवला की काप पुढे जातो.

एवढे समजले की मुलाच्या दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा बिडाचे ओतीव लोखंड या कटरने नीट कापले जात नाही, तेव्हा तिथे जोर लावून उपयोग नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या ऑक्सिजनमध्ये लोखंडासारखा धातू पेट घेतो, त्यात कापड, केस आणि तेल यांचे काय होईल?

दोन सिलिंडर, दोन स्वभाव

कारखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर काळा असतो, ॲसिटिलीनचा मरून म्हणजे काळपट तांबडा. हे रंग भारतीय मानकाप्रमाणे ठरलेले आहेत. दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा आहे.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या प्रत्येक वस्तूला भडकवतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो असतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दोन-सव्वादोन किलो असतो, त्यावरून कल्पना करावी. असा सिलिंडर आडवा पडून त्याचा वॉल्व्ह तुटला तर तो भिंत फोडून जाऊ शकतो. म्हणून तो साखळीने बांधूनच ठेवायचा, नेताना टोपी घालायची आणि जमिनीवरून लोळवत न्यायचा नाही.

ऑक्सिजनचा मोठा वैरी म्हणजे तेल. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेल किंवा ग्रीस यांची गाठ पडली तर ठिणगीशिवायही आग लागू शकते. आपल्या मुलांच्या डोक्याला आणि हातांना खोबरेल असते, खिशात इंजिनचे तेल पुसलेले फडके असते. म्हणून ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे हा वर्गाचा पहिला नियम. घट्ट झालेल्या वॉल्व्हला तेलाचा थेंब देण्याची सवय सायकलच्या दुकानात चांगली, इथे ती जीवघेणी आहे. तसेच उकाड्यात अंगावर ऑक्सिजनचा झोत घेणे किंवा त्याने कपड्यांवरची धूळ उडवणे हे गोदामांत सर्रास चालते. कपड्यांच्या धाग्यांत ऑक्सिजन भरून राहतो आणि नंतर एका ठिणगीने सगळा कपडा क्षणात पेटतो.

ॲसिटिलीन हा जळणारा वायू. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की तो तयार होतो. पूर्वी जत्रेत आणि वरातीत कार्बाइडचे दिवे असत, त्यात हाच वायू जळे. रस्त्याकडेच्या काही दुकानांत आजही कार्बाइडच्या टाकीवर काम चालते. त्याला येणारा लसणासारखा उग्र वास लक्षात ठेवावा, कारण तो गळतीची खूण आहे. हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन मिसळले तरी स्फोटाला पुरेसे होते.

पण त्याचा खरा दोष दुसराच आहे. मोकळ्या ॲसिटिलीनचा दाब फार वाढला तर हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही त्याचे आपोआप विघटन होऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून नळीत त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या वर न्यायचा नाही. मग सिलिंडरमध्ये तो भरतात कसा? या सिलिंडरच्या आत स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेले असते आणि साखर पाण्यात विरघळावी तसा ॲसिटिलीन त्यात विरघळतो. म्हणूनच हा सिलिंडर नेहमी उभा ठेवायचा. आडवा ठेवून वापरला तर ॲसिटोन बाहेर येते. आडवा आणलेला असेल तर काही तास उभा ठेवून मगच वापरायचा.

अशा सच्छिद्र पदार्थाची एक उत्तम भरण ज्यांनी तयार केली, ते स्वीडनचे गुस्ताफ डालेन शेतकऱ्याच्या घरातले होते. दीपगृहांचे दिवे ॲसिटिलीनवर आपोआप चालावेत यासाठी त्यांनी केलेल्या शोधांबद्दल १९१२ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या सिलिंडरची चाचणी घेताना स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली. पारितोषिक घ्यायला त्यांच्या जागी त्यांचे भाऊ गेले. आंधळेपणातही डालेन यांनी १९३७ साली मृत्यू येईपर्यंत कारखान्याचे काम पाहिले. वर्गात ही हकिकत जरूर सांगावी. ज्यांना या वायूची सर्वांत जास्त माहिती होती त्यांनाही तो धोकादायक ठरला, तर "मला सगळं येतं" असे कोणी म्हणू नये.

जोडणी : इथेच खरा अभ्यास

जोडणी करताना चूक होऊ नये म्हणून वस्तूंच्या घडणीतच खुणा ठेवलेल्या आहेत. ॲसिटिलीनची नळी लाल आणि ऑक्सिजनची निळी असते. जुन्या दुकानांत ऑक्सिजनची नळी काळीही दिसते. ॲसिटिलीनच्या नटाला डाव्या हाताचे आटे असतात, म्हणजे तो उलटा फिरवून घट्ट होतो, आणि त्याच्या कोपऱ्यांवर खाच असते. ऑक्सिजनचा नट नेहमीसारखा. अंधारातही बोटाला खाच लागली की मुलाला कळले पाहिजे, हा ॲसिटिलीनचा. नळी तुटली म्हणून तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोडायची नाही. तांब्याशी ॲसिटिलीनचा संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो.

जोडणीचा क्रम असा :

१. दोन्ही सिलिंडर ट्रॉलीवर उभे करून साखळीने बांधावेत. वॉल्व्हच्या तोंडावर तेल, धूळ किंवा तडा नाही ना ते पाहावे.

२. रेग्युलेटर बसवावा. त्याचा दाब ठरवणारा स्क्रू आधी सैल केलेला असावा.

३. वॉल्व्ह उघडताना रेग्युलेटरच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे आणि सावकाश उघडावे. ऑक्सिजनचा वॉल्व्ह पूर्ण उघडतात. ॲसिटिलीनचा फार तर एक ते दीड फेरा आणि चावी वॉल्व्हवरच ठेवतात. संकटात तो एका झटक्यात बंद करता आला पाहिजे.

४. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून गळती शोधणारा माणूस एकदाच शोधतो.

५. पेटवण्याआधी दोन्ही नळ्यांतून एकेक करून थोडा वायू मोकळ्या हवेत सोडावा, म्हणजे आत चुकून मिसळलेला वायू निघून जातो.

या पाच पायऱ्या मुलाने न पाहता, न विसरता, स्वतः बोलत बोलत करून दाखवल्या की तो ज्योतीसाठी तयार झाला.

पेटवणे, कापणे आणि नको तो आवाज

पेटवताना आधी ॲसिटिलीन थोडा सोडून ठिणगीच्या लायटरने पेटवतात. आगपेटी किंवा सिगारेट लायटर वापरायचा नाही, कारण हात ज्योतीच्या फार जवळ जातो. सुरुवातीला ज्योत पिवळी आणि काजळीची असते. धूर नाहीसा होईपर्यंत ॲसिटिलीन वाढवून मग हळूहळू ऑक्सिजन देतात, तेव्हा आतला निळसर शुभ्र सुळका स्पष्ट दिसू लागतो. बंद करताना कोणता वॉल्व्ह आधी, हे कटर बनवणाऱ्याच्या पत्रकात असते. सर्वांनी तीच एक पद्धत पाळावी. शेवटी सिलिंडर बंद करून दोन्ही नळ्या रिकाम्या करायच्या आणि रेग्युलेटरचे स्क्रू सैल करायचे. जेवायला जातानासुद्धा.

कान तयार करणेही शिक्षणच आहे. नोझल लोखंडाला टेकले किंवा त्यात कचरा अडकला की फट् असा आवाज होऊन ज्योत विझते. तेव्हा कटर बंद करून कारण शोधावे. पण ज्योत विझून आतून शिट्टीसारखा किंवा सापाच्या फूत्कारासारखा आवाज येऊ लागला तर आग कटरच्या पोटात जळते आहे. लगेच आधी ऑक्सिजनचा, मग ॲसिटिलीनचा वॉल्व्ह बंद करावा आणि पाठोपाठ सिलिंडर बंद करावेत. ही आग नळीतून मागे सिलिंडरकडे जाऊ शकते. ती अडवण्यासाठी फ्लॅशबॅक अरेस्टर नावाचे छोटे उपकरण मिळते. ते दोन्ही नळ्यांवर बसवतात. आत बारीक छिद्रांची धातूची गाळणी असते, तिच्यात ज्योत थंड होऊन विझते. बहुतेकांत वायूला उलटे वाहू न देणारी झडपही असते. गोदामांत सर्वांत जास्त वगळली जाणारी वस्तू हीच, कारण तिच्यावाचून काम अडत नाही. ॲसिटिलीनचा सिलिंडर आपोआप गरम होऊ लागला तर मात्र त्याच्याजवळ जाऊ नये. सर्वांनी दूर जावे आणि अग्निशामक दलाला १०१ वर कळवावे.

रिकामे पिंप रिकामे नसते

एकच नियम शिकवायला वेळ असेल तर हा शिकवावा : पिंपाला कटर लावायचा नाही. डिझेल, पेट्रोल, थिनर, रंग किंवा रसायनांचे पिंप ओतून रिकामे केले तरी शिवणीत आणि गंजात थोडा अंश राहतो. ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि पिंप फुटते. झाकण उघडे आहे, वास येत नाही, दोन वर्षे उन्हात पडले आहे, यांपैकी कशाचाही भरवसा नाही. अशा टाक्या शुद्ध करून कापणे हे जाणकारांचे वेगळे काम आहे. गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही टोके बंद असलेली नळी, भंगारात आलेली ओळखू न येणारी गोल वस्तू, या सर्वांना तोच नियम.

मालकाला "हे मी कापणार नाही" असे म्हणणे नव्या मुलाला फार जड जाते. रोजी जाईल ही भीती खरी असते. म्हणून वर्गात हे वाक्य बोलून घ्यावे. नाही कसे म्हणावे हासुद्धा धड्याचाच भाग आहे.

अंगावर काय, आजूबाजूला काय

कपडे जाड सुती हवेत. नायलॉन किंवा टेरिलीन जळताना वितळून कातडीला चिकटते. पँट बुटाच्या वर आलेली असावी, बुटात खोचलेली नसावी, नाहीतर ठिणगी सरळ बुटात उतरते. चामड्याचे हातमोजे आणि ॲप्रन, डोळ्यांना कापकामाचा गडद काचेचा गॉगल हवा. उन्हाचा चष्मा चालत नाही.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात, उंचावरून त्याहूनही दूर. म्हणून गवत, पोती, रंगाचे डबे आधी दूर करावेत, पाण्याची बादली आणि आग विझवण्याचे नळकांडे जवळ ठेवावे. काम संपल्यावर अर्धा तास कोणीतरी तिथे थांबावे, कारण भुशात पडलेली ठिणगी उशिरा पेटते. सिमेंटच्या जमिनीवर थेट ठेवून कापू नये, तापलेल्या सिमेंटचे कपचे उडतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापला तर त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. मुलाला तो मलेरिया वाटतो आणि खरे कारण कोणाला कळत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा आधी रंग खरवडावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

काही ठिकाणी ॲसिटिलीनऐवजी घरगुती स्वयंपाकाचा गॅस लावतात. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदा आहे. शिवाय तो वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात आणि गटारात साचतो.

आणि भाजलेच तर? भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नये. चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ कापडाने झाकून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. दवाखाना दूर असलेल्या आपल्या भागात ही पहिली वीस मिनिटे फार मोलाची असतात.

आपल्या बोलीत शिकवणे

सिलिंडरवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात, मिस्त्री हिंदीत ओरडतो आणि मुलाच्या घरी वारली, भिली किंवा पावरी बोलली जाते. "समजलं का?" विचारले की तो मान हलवतो. म्हणून शिकवणाऱ्याने नियम मुलाला त्याच्या बोलीत परत सांगायला लावावा. जो आपल्या शब्दांत सांगू शकतो त्यालाच तो कळला. आधी शिकून गेलेला त्याच पाड्यावरचा तरुण मदतीला असेल तर त्याहून चांगले.

आठवी उत्तीर्ण मुलाला शासकीय आयटीआयमध्ये वेल्डरच्या एक वर्षाच्या शिक्षणक्रमाला प्रवेश घेता येतो. गॅसने कापण्याचे कामही त्यात येते. लहान वर्गातून सुरुवात केलेल्या मुलांना पुढे तिकडे पाठवावे. प्रमाणपत्र हाती असले की हेल्परच्या पगारात कटरचे काम करून घेणे मालकाला अवघड जाते.

आपण काय करू शकतो?

एखाद्या वर्गाला किंवा तरुणाला कटरचा संच देण्याची इच्छा असेल तर नुसता कटर देऊ नये. दोन्ही नळ्यांचे अरेस्टर, गॉगल, हातमोजे, ॲप्रन, ठिणगीचा लायटर आणि साखळी असलेली ट्रॉली, हे सारे मिळून एक संच समजावा. पैसे कमी पडत असतील तर दोन अर्धवट संचांपेक्षा एक पूर्ण संच बरा. सिलिंडर परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा आणि त्यावर ठोकलेली चाचणीची तारीख पाहावी. सिलिंडरविषयीचे २०१६ चे नियम ज्या केंद्रीय संघटनेमार्फत पाळले जातात, त्या 'पेसो'चे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

आणखी एक गोष्ट पैशाविना होण्यासारखी आहे. चर्चचे फाटक, शाळेची शेड, घराची जुनी ग्रिल कापायला माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहावे. सिलिंडर बांधलेला आहे का? त्याच्या डोळ्यांवर गॉगल आहे का? पायांत बूट आहेत का? नसेल तर काम थांबवून ठेकेदाराला विचारावे, आणि या वस्तूंसाठी चार पैसे जास्त मागितले तर घासाघीस करू नये. कमी भावात काम करून घेतले तर वाचलेले पैसे बहुतेक वेळा त्या मुलाच्या गॉगलमधूनच वजा झालेले असतात. तो मुलगाही कुठल्या तरी पाड्यावरून आलेला असतो, आणि संध्याकाळी त्याच्या फोनची वाट पाहणारे कोणीतरी घरी असते.